बोबोंचे मुके लावे

मी एक जुना पिंजरा आहे, मित्रांनो. पिंजरा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सळया येतील, तारा येतील. माझ्यात तसलं काही नाही. मी कमरेपर्यंत वाळका भोपळा आहे आणि कमरेच्या वर दोऱ्याची जाळी. आत लावा पक्षी राहतो. लाव्याला बसल्या जागेवरून उंच उडी मारायची खोड असते. त्याचं डोकं आपटू नये म्हणून वर मऊ जाळी, आणि आवाज घुमावा म्हणून खाली पोकळ भोपळा. सध्या मी खोजंद शहरातल्या एका गल्लीत, हमरोकुल-बोबोंच्या, म्हणजे हमरोकुल आजोबांच्या ओसरीवर खिळ्याला टांगलेला आहे. माझी जाळी कापलेली आहे आणि आत कोणी नाही. हे असं का झालं, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. कृपा करून शेवटपर्यंत ऐका. ऐकून घेणारं कोणी मला फार दिवसांत भेटलेलं नाही.

माझा जन्म याच अंगणातला. बोबोंची बायको मेहरिनिसो द्राक्षांच्या मांडवावर एका कडेने भोपळ्याचा वेल चढवायची. त्या वर्षी वेलावर मी सगळ्यांत गोलमटोल निघालो. मेहरिनिसोने मला मिठासाठी राखून ठेवलं होतं. बोबोंनी मला बोटाने टकटक वाजवून पाहिलं आणि त्यांचे डोळेच चमकले.

"मीठ ठेवायला वाढवलाय मी तो," मेहरिनिसो म्हणाली. "त्यात पाखरू बसवाल तर याद राखा."

"मीठ काय, डब्यातसुद्धा राहतं. लावा डब्यात गाईल का?"

"मग मलाच बसवा आत. मी गाते रोज. तुम्हाला कुठे ऐकू येतं!"

ती थट्टा होती, मित्रांनो. तेव्हा थट्टाच होती. मेहरिनिसो फुरंगटून स्वयंपाकघरात गेली, पण बोबोंनी मारलेल्या जाळीच्या गाठी इतक्या ढिल्या होत्या की तिला ते बघवेना. शेवटी तिनेच दोरा वळला आणि तिनेच जाळी विणली. बोबो जन्मभर बस चालवत आलेले, इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसलेले. त्यांच्या हाताला सुकाणूची सवय होती, दोऱ्याची नव्हती.

ते माझे सुखाचे दिवस. बोबो मला घेऊन चहाखान्यात जायचे. तिथे झाडाच्या फांद्यांना माझ्यासारखे कितीतरी भोपळे टांगलेले असायचे आणि खाली पुरुषमंडळी हिरवा चहा पीत, डोळे मिटून आपापल्या लाव्याची हाक ऐकत बसायची. पित-पिलदिक! पित-पिलदिक! हाक आली की माझं पोट थरथरायचं. "हमरोकुल, पाखरू चांगलं आहेच, पण भोपळा काय घुमतोय!" असं कोणी म्हटलं की मी खिळ्यावरच्या खिळ्यावर फुगायचो.

घरात मात्र माझं कौतुक कमी आणि कटकट जास्त होती. राळ्याचे दाणे गाद्यांत सापडायचे, त्या दाण्यांपायी उंदीर यायचे. पीठ आणायला गेलेले बोबो लाव्यासाठी तागाचं बी घेऊन परतायचे आणि पीठ राहून जायचं. एकदा तर मेहुणीच्या लग्नातून, पुलाव वाढायच्या आत, लाव्याला पाणी द्यायचं राहिलं म्हणून उठून आले. "माझं लग्न कुणाशी झालंय आणि तुमचं कुणाशी, हेच मला कळत नाही," असं मेहरिनिसो म्हणायची. तरी रोज पहाटे लावा बोलायला लागला की तीच स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, गातोय तुमचा! ऐका!" मग बोबो हसायचे आणि मान डोलवायचे. ते लाव्याला ऐकून हसत नव्हते, तिला ऐकून हसत होते. हे मला फार उशिरा उमगलं.

मेहरिनिसो एका हिवाळ्यात गेली. मुलगी दूरच्या शहरात दिलेली, ती आली, रडली आणि परत गेली. घरात बोबो आणि मी उरलो.

वसंतात बोबोंनी नवा लावा आणला. काय पाखरू होतं ते! पहिल्याच पहाटे ते असं बोललं की माझ्या पोटाला मुंग्या आल्या. बोबो पेला हातात धरून माझ्यासमोर बसून राहिले. ऊन अंगणात आलं तरी ते वाटच पाहत होते. मग उठले आणि म्हणाले, "मुका निघाला."

मला वाटलं, गंमत करतायत. पण त्यांनी त्याला आठवडाभर पारखलं आणि नेऊन चहाखान्याच्या आचाऱ्याला देऊन टाकलं. न गाणाऱ्या लाव्याचं तिथे काय होतं, ते पुलाव खाणाऱ्यांना विचारा. त्यानंतर दुसरा आला. तो गायचा, जीव तोडून गायचा. तोही मुका ठरला. मग तिसरा. मी ओरडून सांगत होतो, बोबो, हे गातायत, तुमचे कान गेले आहेत! पण मित्रांनो, पिंजऱ्याला दुसऱ्याचा आवाज घुमवता येतो, स्वतःचा नसतो. त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की मिठाचा भोपळा झालो असतो तर बरं झालं असतं.

तुम्ही म्हणाल, अख्ख्या गल्लीत एकालाही कसं कळलं नाही? त्याचं कारण आमची चालरीत. आमच्याकडे दोन माणसं भेटली की दोघंही छातीवर हात ठेवतात, किंचित वाकतात आणि एकदमच बोलायला लागतात. बरे आहात ना, घर सुखरूप ना, पोरंबाळं बरी ना, दमला नाहीत ना. विचारणारा उत्तराला थांबत नाही, कारण त्याच वेळी समोरचाही तेच विचारत असतो. बोबो छातीवर हात ठेवून हे सगळं बिनचूक म्हणायचे. समोरच्याचे ओठ हलले की देवाचे आभार मानत म्हणायचे, "शुकर, शुकर!" त्यांना काही ऐकू येत नाही हे त्यांनाही कळलं नाही आणि लोकांनाही कळलं नाही. सगळे आपले म्हणायचे, हमरोकुल-बोबो किती अदबीने बोलतात!

बोबो मात्र हट्टाला पेटले. आपल्या हाताला यश राहिलं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. नव्या लाव्याला त्यांनी उकडलेल्या अंड्याचा बलक चारला. घुमायला बरं म्हणून मला शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीवरच्या खिळ्याला, अगदी टोकाला नेऊन टांगलं. आतला लावा आधीच तारसप्तकात, त्यात माझं पोट आणि त्यात ती भिंत. पहाट व्हायच्या आधीच गल्लीची झोप उडू लागली.

त्या भिंतीपलीकडे ओइजमोल राहत होती. त्या घरची सून. नवरा कामाला रशियात, कडेवर दात येत असलेलं लेकरू, आणि वर सासू, गल्ली जिला सोलेहा-खोला म्हणजे सोलेहा-मावशी म्हणायची. लेकरू रात्रभर किरकिरायचं आणि पहाटेच्या सुमारास कुठे डोळा लागायचा. तेवढ्यात मी घुमायचो.

"बोबोंना सांगते मी आज," ओइजमोल म्हणायची.

"तू सांगणार?" सासूचा आवाज भिंतीवरून स्पष्ट यायचा. "पांढऱ्या दाढीच्या माणसाला, बायको गेलेल्या माणसाला, सून जाऊन म्हणणार पाखरू उचला? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

"मग तुम्ही सांगा."

"मी? माझ्या बापाच्या वयाचे आहेत ते!" सोलेहा-खोला बोबोंहून फार तर दोन-चार वर्षांनी लहान असेल.

समोरच्या घरातला नोझिम टॅक्सी चालवायचा आणि उशिरा घरी यायचा. तो एकदा तावातावाने आला. दारात बोबो दिसताच छातीवर हात गेला, कमर वाकली, बरे आहात ना सुरू झालं. सगळी विचारपूस संपेपर्यंत नोझिमचा राग थंडावला होता. "ते लाव्याचं जरा..." तो चाचरत म्हणाला. बोबोंनी त्याचा दंड प्रेमाने दाबला, "शुकर, शुकर," म्हटलं आणि कोपऱ्यातलं राळ्याचं पोतं दाखवलं. नोझिम बिचारा ते पोतं खांद्यावर मारून कोठीत ठेवून आला. जाताना माझ्याकडे असं बघून गेला की मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

मग ओइजमोलने स्वतःच इलाज केला. बोबो हातपाय धुवायला गेले की ती भिंतीवरून हात घालून माझ्यावर आपली शाल टाकायची. अंधार झाला की पाखरू झोपेल, असा तिचा हिशेब. अगं पोरी, चहाखान्यातल्या कोणालाही विचारलं असतंस! लाव्याला चेव यावा म्हणूनच तर जाणकार पिंजऱ्यावर कापड घालतात. शालीखाली त्या पाखराने असा गळा काढला की गल्लीच्या टोकाचं कुत्रं भुंकायला लागलं. ओइजमोल भिंतीला कपाळ टेकून माझ्याशी बोलत होती, "गप रे मेल्या, गप. तुला लेकरंबाळं नाहीत का? मी वेडी होईन रे." तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. ती आधी कोणालाही उलट बोलत नसे, आता लेकरावर खेकसायची आणि मग त्याला पोटाशी धरून रडायची. मला ते रोज ऐकावं लागायचं. कान झाकायला मला हात नव्हते.

एके दिवशी लेकराला ताप भरला. रात्रभर ते कण्हत होतं. उजाडता उजाडता त्याचा ताप उतरला आणि ते झोपलं. आणि इकडे लाव्याने छाती फुगवली. मी त्याला विनवत होतो, आजचा दिवस थांब, फक्त आजचा. पित-पिलदिक!

अंगणाचं दार धाडकन उघडलं. ओइजमोल आत आली ती पाय न वाजवता वगैरे नाही, सरळ धावत आली. हातात लोकर कापायची मोठी कात्री. तिने मला खिळ्यावरून ओढून काढलं, मांडीत दाबलं आणि मेहरिनिसोने विणलेली जाळी वरपासून खालपर्यंत कापली. लावा भेदरून माझ्या तळाशी चिकटून बसला. इतक्यात बोबो ओसरीवर आले.

ओइजमोलने त्यांच्याकडे पाहिलं. छातीवर हात ठेवला नाही. बरे आहात ना म्हटलं नाही.

"बोबो, मारा मला!" ती किंचाळली. "पण मला झोपू द्या! माझं लेकरू मरेल, मी मरेन! किती महिने सहन करायचं? तुम्हाला दया नाही का हो?"

बोबोंनी तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं. त्यांचा हात सवयीने छातीवर गेला.

"शुकर, शुकर," ते हसून म्हणाले. "घरी सगळं बरं ना? सासूबाई बऱ्या ना? लेकरू खेळतंय ना?"

 आणि नेमक्या त्याच वेळी तो लावा, माझ्या तळातून, बोबोंच्या कानापासून हातभर अंतरावर, प्राणपणाने ओरडला. ओइजमोल दचकली. बोबोंच्या डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही. त्यांनी कापलेली जाळी पाहिली आणि ते खिन्नपणे म्हणाले, "कापलीस होय? कापलीस ते बरं केलंस, पोरी. हाही मुकाच आहे. मेहरिनिसो गेल्यापासून माझ्या घरात एक पाखरू गायलं नाही. माझं काय चुकलं, कोण जाणे."

लाव्याने उडी घेतली. फाटक्या जाळीतून तो वर उडाला आणि भिंतीपलीकडे गेला.

ओइजमोलच्या हातातली कात्री खाली पडली. तिने बोबोंचा हात धरला आणि त्यांचा तळवा माझ्या पोटावर दाबला. मग दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती माझ्यावर वाजवू लागली. एक टिचकी, थांबून दोन टिचक्या. पित-पिलदिक. पित-पिलदिक. मी सगळं बळ एकवटून घुमलो, मित्रांनो. आयुष्यात इतका कधी घुमलो नव्हतो.

बोबोंच्या बोटांना ती चाल ओळखीची होती. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हा... गायचा?"

तिने मान हलवली.

"रोज?"

तिने मान हलवली.

"आणि आधीचे? ते सगळे?"

त्या लाव्यांचं काय झालं हे बिचारीला ठाऊक नव्हतं. तिने मान हलवून खरं तेच सांगितलं. बोबो मटकन ओसरीच्या पायरीवर बसले. "मी त्यांना आचाऱ्याकडे दिलं गं," ते म्हणाले. "आणि तू? तू मला सांगायला येत होतीस?" तिने छातीवर हात ठेवून दाखवला, ओठ हलवून दाखवले, म्हणजे सगळ्यांची नुसती विचारपूसच झाली, आणि ती रडायला लागली.

मग बोबोही रडले. ते किती मोठ्याने रडतायत, हे त्यांना कळत नव्हतं. तो आवाज भिंतीवर आदळला आणि पलीकडे नुकतंच झोपलेलं ते लेकरू किंचाळून उठलं. गल्लीतली सगळी दारं उघडली. एकट्या बोबोंना काही ऐकू आलं नाही.

आता मी रिकामा आहे. जाळी कोणी शिवलेली नाही. बोबो नवा लावा आणत नाहीत. पहाटे ते माझ्या पोटावर तळवा ठेवून उभे राहतात आणि माझ्यात घुमण्यासारखं काही उरलेलं नाही. गल्ली अजूनही छातीवर हात ठेवते, बरे आहात ना म्हणते आणि पुढे निघून जाते. ओइजमोल तेवढी लेकराला घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसते. एकच प्रश्न हळूहळू विचारते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत थांबते.

मित्रांनो, तुमच्याही शेजारी कोणीतरी राहत असेल. त्यांचा त्रास होत असेल, रागही येत असेल. जा आणि सांगा. आणि त्यांना बरे आहात का म्हणून विचारलंत, तर माझ्यासारख्या फाटक्या पिंजऱ्याची एवढी विनंती ऐका. उत्तर येईपर्यंत थांबा.