चौथी शिट्टी

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं माझाच शब्द चालला. मीठ किती, तेल किती, कुणाला कामावर ठेवायचं, कुणाला घरचा रस्ता दाखवायचा, सगळं मी ठरवायचे. मग वरून फतवा निघाला, मुख्य स्वयंपाकीण आठवी पास हवी. मी चौथीत पाटी खाली ठेवली ती ठेवलीच. "आठवीच्या बरोबरीची परीक्षा द्या," मॅनेजर म्हणाले, "नाहीतर त्या जागी तुमच्या सूनबाईंना घ्यावं लागेल."

सून माझ्याच हाताखाली काम करते. दहावी झालेली. तिला सुरी धरायला मी शिकवलं. आणि आता तिने मला सांगायचं, आई, हे करा नि ते करा?

"देते परीक्षा," म्हटलं. "डोकं काही गहाण टाकलेलं नाही मी."

दुपारची भांडी आवरली की सूनच माझा अभ्यास घ्यायची. मी नापास झाले तर फायदा तिचाच, तरी शिकवण्यात काटकसर केली नाही पोरीने. "आई, हॉलमध्ये फार आवाज असतात. कानात कापूस घाला."

"मेल्यावर घाल. तेव्हा मी नाही म्हणणार नाही."

परीक्षा होती एका जुन्या शाळेत. सगळीकडे एकच पेपर, बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा. बाकावर शेजारी एक ट्रकवाला. त्याचा पाय सारखा हलायचा, त्याबरोबर बाक, बाकाबरोबर मी.

"अहो, गाडी बंद करा की," मी कुजबुजले.

"सवय आहे मावशी."

त्यात देखरेखीच्या बाई फेऱ्या घालत होत्या. त्यांची चप्पल पावलागणिक करकरायची. आम्हाला म्हणे आवाज करू नका! तरी दात-ओठ खात उताऱ्याचे प्रश्न संपवले. गणित उघडलं आणि मागच्या खिडकीतून कुकरची शिट्टी आली.

आमच्याकडे तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. झोपेतसुद्धा माझा कान तिकडेच असतो. दुसरी झाली. तिसरी झाली, आणि माझा हात आपोआप उजवीकडे बटणाला गेला. बटण कुठलं तिथे? ट्रकवाल्याच्या कोपराला धक्का बसला, त्याच्या पेनाने कागदभर रेघ ओढली.

"मावशी!"

"गॅस बंद करत होते," म्हटलं. दुसरं काय सांगणार?

चौथी. पाचवी. हाडं शिजवतेय का दगड, कोण ही बया! इथे टक्केवारीचं गणित समोर, आणि माझ्या डोळ्यांपुढे करपलेलं बूड. मी हात वर केला. "बाई, मागच्या घरात कुणालातरी गॅस बंद करायला सांगा."

"खिडकी लावते मी."

"खिडकी लावून कुकर बंद होतो होय?"

हॉल हसला. बाईंचं नाक लाल झालं. "आजी, मुकाट्याने पेपर सोडवा. नाहीतर काढून घेईन."

आजी! गिळलं तेही. मग ठरवलं, खिडकी लावूनही शिट्टी थांबत नाही ना, मग तिलाच कामाला लावू. एक शिट्टी, एक गणित. वाजली की हातातलं सोडायचं, पुढचं घ्यायचं. आणि जमलं की हो! चप्पल ऐकू येईना, बाक हललेला कळेना. शिट्टीमागून शिट्टी, गोलामागून गोल.

एका गणितावर अडले. म्हटलं, येईल शिट्टी, मग सोडून देऊ. बसले वाट बघत. शिट्टीआधी झाकणाला हात लावायचा नाही, ही माझी आयुष्यभराची शिस्त. शिट्टी येईना. बऱ्याच वेळाने डोक्यात उजेड पडला. त्या बयेला आत्ता सुचलं होतं गॅस बंद करायचं! मघाशी कर म्हणून जीव तोडत होते तेव्हा नाही, आत्ता! समोर गणिताचे निम्मे गोल पांढरे. धडाधड काळे करायला घेतले तोच घंटा झाली.

"बाई, जरा थांबा."

"नियम सगळ्यांना सारखा, आजी." आणि पेपर हातातून ओढून नेला.

निकाल लागला. वाचनात पास, गणितात नापास. पुन्हा बसायचं तर सहा महिन्यांनी.

सून म्हणाली, "आई, मी मॅनेजरना सांगते, मला नको ती जागा."

"गप बस. तू नको म्हणालीस तर बाहेरची कुणीतरी येऊन माझ्या चुलीपुढे उभी राहील. घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या जागी उभी राहिली आणि बघत राहिली माझ्याच तोंडाकडे. बाकीच्या बायका हातातलं काम टाकून आम्हा दोघींकडे.

"बघतेस काय? सांग ना काम!"

तिने टोपली माझ्यापुढे सरकवली. "आई, बटाटे घ्या सोलायला."

घेतले. तिच्याकडे पाठ करून बसले. सालं इतकी जाड निघत होती की दुसऱ्या कुणाची असती तर मी तिला दारातूनच परत धाडलं असतं. सून येऊन मागे उभी राहिली. सालं बघितली, आणि तशीच परत वळली.

"मुख्य आहेस ना?" मी ओरडले. "मग बोल की!"

"पातळ काढा, आई," ती हळूच म्हणाली.

"मोठ्याने बोल," म्हटलं, "त्या कोपऱ्यातल्यांना ऐकू गेलं नाही."