पुढचं वाक्य

"पाणी उकळताना बुडबुडे येतात, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. त्या बुडबुड्यांच्या आत काय असतं?" एवढं विचारून बाई थांबल्या, कारण पुढचं वाक्य आलंच नाही.

सातवीचा वर्ग, विज्ञानाचा तास. गेली बावीस वर्षं या प्रश्नामागून पुढचं वाक्य आपसूक यायचं. प्रश्न विचारायचा तो नुसता दम खायला. उत्तर बाईंचंच असायचं. मग उदाहरणं, गमती, एखाद्या झोपाळू पोराला कोपरखळी, आणि शेवटचं वाक्य संपायला नि घंटा व्हायला एकच गाठ. मुलं पाठीमागे त्यांना रेडिओबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

आज बाई टेबलाला टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. नवऱ्याला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. तो बसदुरुस्तीच्या कारखान्यात मेकॅनिक होता. सकाळी डबा घेऊन गेला, दुपारी तो काम करताना कोसळल्याचा बाईंना शाळेत फोन आला, आणि त्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाई रडल्या नाहीत. कुणी विचारलं तर "बरी आहे" म्हणायच्या. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो आणि अर्धा गाल आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं.

आणि त्यांची वाक्यं खरं तर वर्गात तयार होतच नसत. ती व्हायची रात्री जेवणाच्या टेबलावर. उद्याचा धडा बाई नवऱ्याला सांगायच्या. नखांतलं काळं तेल खरवडत तो ऐकायचा आणि मधेच म्हणायचा, "हे नाही डोक्यात शिरलं. परत सांग." परत सांगता सांगता वाक्य घासूनपुसून लख्ख व्हायचं. धडे तेच, पण बाई दर वर्षी ते नव्याने सांगायच्या आणि तो नव्याने अडायचा. आता बाई धडा न सांगताच झोपत होत्या आणि वर्गात रिकाम्या हातांनी येत होत्या.

वर्गात कुणी खोकलं. कुणी खुदकन हसलं आणि गप्प झालं. शेवटी पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा म्हणाला, "हवा."

"ऑक्सिजन," दुसरा म्हणाला.

बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मग खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरून एक मुलगी उठली. वर्ष सुरू झाल्यापासून हजेरी सोडली तर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"बाई, आधी बारीक बारीक येतात. भांड्याच्या कडेला चिकटलेले. मोठे नंतर येतात. मग दोन्हींत एकच कसं असेल?"

"तू कधी बघितलंस?" हुशार मुलाने विचारलं.

"रोज. आजीच्या आंघोळीचं पाणी मीच तापवते."

त्यानंतर वर्गात जी जुंपली ती घंटेपर्यंत. कुणी म्हणालं बारके मोठे होतात, कुणी म्हणालं बारके वेगळेच. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत चंचुपात्रात पाणी ठेवलं आणि चाळीस डोकी त्यावर वाकली. बारक्यांत पाण्यात विरघळलेली हवा आणि मोठ्यांत वाफ, हे शेवटी पोरांनीच भांडून ठरवलं. बाई फक्त बर्नर लावायला होत्या.

हे पुढे रोजचं होऊन बसलं. बाई मुद्दाम काही करत नव्हत्या. प्रश्न विचारायच्या आणि पुढे अंधार व्हायचा. एकदा गोंगाट ऐकून मुख्याध्यापक तरातरा आले, मागच्या बाकावर बसले आणि तास संपल्यावर न बोलता निघून गेले. सहामाहीचे पेपर तपासून झाल्यावर त्यांनी बाईंना बोलावलं.

"शेवटच्या बाकांवरच्या पोरांनी उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहिलीत. ही पद्धत तुम्ही कुठून उचलली?"

"पद्धत वगैरे नाही सर."

"बाई, आता लाजू नका. शनिवारी आसपासच्या शाळांतले तीसेक शिक्षक बोलावतोय. त्यांना करून दाखवा."

नाही म्हणायला कारण लागतं. कारण शोधायचं त्राण बाईंना नव्हतं. त्या बरं म्हणाल्या.

शनिवारी मुख्याध्यापकांनी फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं : परिणामकारक अध्यापनाचे घटक. खाली पूर्वतयारी, आवाजातील चढउतार, शैक्षणिक साधने, वर्गातील शिस्त. बाईंनी यादी वाचली. यातलं आपल्याकडे आता काहीच राहिलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

त्यांनी समोरच्या शिक्षकांना विचारलं, "बी एवढंसं असतं. झाड टनावारी वाढतं. एवढं लाकूड येतं कुठून?"

दुसऱ्या रांगेतली एक तरुण शिक्षिका लगेच उभी राहिली. ती याच शाळेत शिकलेली, बाईंची विद्यार्थिनी, तिच्या वर्षाची पहिली आलेली.

"मातीतून, बाई. तुम्हीच शिकवलंत. तो तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. तुम्ही हात असे वर करून झाड झाला होतात."

सगळे हसले. बाईंनाही तो तास आठवला. हात वर करायची युक्ती नवऱ्याला इतकी आवडली होती की त्याने ती दोनदा करायला लावली होती. त्यांनी शिकवलं होतं ते बरोबरच होतं : पाणी मुळांतून, पण लाकडाचा मोठा भाग हवेतल्या कर्बवायूतून. या मुलीने परीक्षेत तसंच लिहिलंही होतं. आता तिच्यापाशी हात राहिले होते, आवाज राहिला होता. हवा गेली होती. अशा बावीस वर्षांतल्या पोरांपाशी काय काय राहिलं असेल, असा विचार बाईंनी केला. बधिर हिरडीवरून जीभ फिरवावी तसा तो विचार त्यांनी मनावरून फिरवून पाहिला. अजून दुखत नव्हतं.

"कुंडीतलं झाड वाढलं, तर कुंडीतली माती तेवढी कमी होते का?" त्यांनी विचारलं.

 शिक्षिका हळूच खाली बसली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मागून एका गृहस्थांनी पेन वर केलं.

"बाई, प्रश्नानंतर नेमके किती सेकंद थांबायचं? म्हणजे आम्हाला टिपून घेता येईल."

"मी थांबत नाही," बाई म्हणाल्या. "मला पुढचं वाक्य सुचत नाही. नवरा गेल्यापासून."

पेनं जागच्या जागी राहिली. मुख्याध्यापक फळ्याकडे बघू लागले. 

"हवेतून?" तरुण शिक्षिका पुटपुटली, स्वतःलाच विचारल्यासारखी.

"हो," बाई म्हणाल्या.

घरी आल्या तेव्हा ऊन उतरत आलं होतं. सासूबाई वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन पलंगावर बसल्या होत्या. त्या दोघीच घरात असत, आणि इतक्या महिन्यांत सासूबाईंनी मुलाचं नाव काढलं नव्हतं.

"झालं तुझं काम?"

"झालं."

बाईंनी मोठ्या चादरीची दोन टोकं धरली, दोन सासूबाईंनी. घडी घालायला म्हणून सासूबाई उठल्या आणि तशाच थांबल्या.

"त्या दिवशी सकाळी," त्या म्हणाल्या.

पूर्वीच्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आई, नका आठवू, त्रास होतो. आता त्या चादर धरून उभ्या राहिल्या. रस्त्यावरून एक गाडी गेली. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली.

"त्याचा हात थरथरत होता. कप बशीवर वाजला. मी ऐकला. म्हटलं, झोप झाली नसेल रात्री. त्याला विचारलं नाही की तुला सांगितलं नाही."



"मीही ऐकला होता, आई," बाई म्हणाल्या. "पण मी माझंच बोलत होते."

सासूबाई दोन पावलं पुढे आल्या. त्यांनी आपल्या हातातली टोकं बाईंच्या हातातल्या टोकांना आणून लावली, बोटं तिथेच जरा वेळ राहू दिली, आणि मग खाली वाकून पुढच्या घडीसाठी चादर उचलली.