ऐकलं त्याचं सुतक

नवमीच्या सकाळी खगीसरा बज्यैचा, म्हणजे आजीचा, फोन वाजला. आसामातून कुणीतरी सांगितलं, चुडामणी गेला, कालच अग्नी दिला. म्हातारीनं फोन ठेवला, पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि अंगणाकडे पाहिलं.

अंगणात सगळी भावकी जमली होती. सून यमकला बोकडाचं मटण परतत होती. नातू निश्चल सहा वर्षांनी कोरियाहून दशैंला, दसऱ्याच्या मोठ्या सणाला, आला होता आणि एकादशीला परत निघणार होता.

चुडामणी म्हणजे बज्यैचा धाकटा दीर. ती अकराव्या वर्षी या घरात लग्न होऊन आली तेव्हा हा चार वर्षांचा, शेंबडा. तिच्याच कडेवर वाढला. पुढे आसामात कामाला गेला, लग्न केलं नाही, परतला नाही. आता त्याची आठवण काढणारं तिच्याशिवाय होतंच कोण?

सुतक ऐकणाऱ्याला लागतं, आणि सुतकात टीका, म्हणजे थोरांनी कपाळी लावायचा दशैंचा टिळा, चालत नाही. ती बोलली असती तर तीस माणसांची कपाळं कोरी राहिली असती, आणि निश्चलला पुढचा दशैं कधी मिळेल ते देवीलाच ठाऊक. नाही बोलली, तर सुतक तिच्या एकटीचं. टीका पौर्णिमेपर्यंत चालतो. तोवर तोंड शिवून, सुतकाचं अळणी खात बसायचं. ठरलं! पण घरात सगळ्यात मोठी तीच, पहिला टीका तिच्याच हातचा. सुतकाच्या हातानं लेकराला आशीर्वाद द्यायचा? छे! त्यापेक्षा भांडण बरं.

दशमीला यमकलानं दही, तांदूळ, शेंदूर कालवून ताट पुढ्यात ठेवलं. शेजारी जमरा, अंधाऱ्या खोलीत वाढवलेले जवाचे कोंब, हळदीसारखे पिवळे.

"हे काय हिरवं गवत आणलंस?" बज्यै कडाडली. "दार उघडं टाकलंस ना? ऊन लागलं!"

"हिरवं? आमा, डोळे तपासून घ्या हो!"

"आता मला आंधळी ठरव! जा, मी नाही लावत कुणाला टीका!"

आधी सगळे हसले. मग कुणी कुणाकडे बघेना.

"ऐन सणाला अवदसा आठवली," यमकला चिडून म्हणाली. "कालपासून मिठालाही शिवत नाहीत. रुसावं तरी किती माणसानं!"

शेवटी शेजारच्या घरच्या काकांनी टीके लावायला घेतले. बज्यै आत जाऊन भिंतीला टेकून बसली. बाहेर पोरं झोक्यावर ओरडत होती. इतकं एकटं तिला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान बरोबर रडायला माणसं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निश्चल बॅग घेऊन दारात उभा राहिला. त्याचं कपाळ कोरं होतं.

बज्यै ताडकन पुढे सरकली. "टीका कुठाय तुझा? काकांनी नाही लावला?"

"लावत होते. मीच नाही म्हटलं. आईलाही नाही म्हटलं. तुझ्या आधी कुणाच्या हातचा घेऊ?"

अरे देवा! ज्याच्यासाठी सगळं गिळलं, तोच कोरा निघाला होता. कोनाड्यात ताट तसंच होतं. तिचा हात उचलला गेला, आणि तिनं तो मांडीखाली दाबला. सांगावं तर अंगणात अजून टीके चालू. आणि हा? वाटभर सुतक घेऊन जाणार? निश्चल पाया पडायला वाकला तशी तिनं पाय मागे ओढले.

"माझं काय चुकलं, बज्यै?"

"काही नाही रे बाबू. जा. गाडी चुकेल."

तो गेला. उतारावरून जीपचा आवाज नाहीसा झाला आणि म्हातारीचा बांध फुटला. "एकटाच गेलास रे माझ्या लेकरा! जवळ कुणी नव्हतं रे!"

यमकला धावत आली. कालचा राग विसरून तिनं सासूला पोटाशी धरलं. "एकटा कुठे, आमा? विमानात दोनशे माणसं असतात. पुढच्या दशैंला येईल की परत!"

बज्यै मान हलवत राहिली आणि नाव न घेता रडत राहिली.