आबांचा कडक पाण्याचा गिझर

मित्रांनो, न्हाणीघराच्या भिंतीवर नऊ वर्षं लटकून काढलेला मी एक जुना गिझर आहे. पोट पंधरा लिटरचं आणि अंगभर क्षारांचे पांढरे डाग. शिरूरच्या दुकानातून रिकाम्या ट्रॉलीत बसून मी तळेगाव ढमढेऱ्याला आलो. ज्योतिबा वायरमनने मला भिंतीवर चढवलं, तापमानाचं बटण पन्नासवर ठेवलं आणि जाताना बजावलं, "आबा, ह्याच्या म्होरं नेऊ नका." त्याची मोटारसायकल वळणाआड जाते न जाते तोच आबांनी बटण पंचाहत्तरवर नेलं.

आनंदराव आबा म्हणजे या घरातले कर्ते. अंग लालबुंद झाल्याशिवाय अंघोळ झाली असं ते मानतच नसत. पाहुण्याला चहाआधी माझं दर्शन घडे. "हात तर लावून बघा!" पाहुणा हात लावी, किंचाळे, आणि आबांची छाती फुगे. खोटं कशाला सांगू, माझीही फुगत असे. कौतुक कुणाला नको असतं?

या हिवाळ्यात आबांची लेक सुलक्षणा बाळंतपणाला आली आणि घरात नात जन्मली. तिला न्हाऊ घालायला वस्तीवरच्या साळूबाई येऊ लागल्या. पहिल्या दिवशी आबांनी हौसेने स्वतः बादली भरली. आधी जवळजवळ काठोकाठ गरम पाणी, वर नावाला तांब्याभर गार पाण्याचं विसण. साळूबाईंनी बाळाला हात लावण्याआधी पाण्यात कोपर बुडवलं आणि झटक्यात मागे घेतलं.

"आवं आबा, पोरीला न्हाऊ घालायचंय का कोंबडं सोलायचंय?"

आबांना ते फार लागलं. "आमच्या येळंला बंबाचं पाणी ह्याच्यापरीस कडक असायचं! ह्ये बघा!" म्हणत त्यांनी बादलीतला भरला तांब्या स्वतःच्या पायावर ओतला.

त्यानंतर आबांनी जी उडी मारली, ती सत्तरीच्या माणसाला जमेल असं मला वाटलं नव्हतं. एका पायावर नाचत ते टूथपेस्ट शोधू लागले. साळूबाईंनी त्यांना दंड धरून गार पाण्याच्या नळाखाली बसवलं. "ती दात घासायला असती. गप बसा हितं." चांगली वीस मिनिटं आबा नळाखाली पाय धरून बसले होते आणि मला शिव्या देत होते. मी एकही मनावर घेतली नाही. तो तांब्या त्या तान्ह्या जिवाच्या अंगावर पडला असता तर, एवढंच माझ्या मनात घोळत होतं.

पायाला दोन टपोरे फोड आले. डॉक्टरांनी पट्टी बांधली. संध्याकाळी ज्योतिबाने बटण पुन्हा पन्नासवर आणलं, आणि या वेळी आबांनी त्याला हात लावला नाही. आता बादलीत आधी गार पाणी पडतं, मागून गरम. मग हाताने ढवळायचं, कोपर बुडवायचं आणि नंतरच बाळ. आबा खुर्चीवर पट्टीचा पाय पसरून बाहेरून ओरडतात, "कोपार बुडिवलं का?" परवा त्यांनी हे एका पाहुण्यालाही विचारलं. तो बिचारा नुसता हात धुवायला आला होता.

मित्रांनो, माझ्या अंगात ताकद आहे, पण पाणी अडवायला हात नाहीत. नळ सोडला की मी पाणी देतो. खाली म्हातारा बसलाय की तान्हं लेकरू, ते बघून पाणी गार करणं मला जमत नाही. तेवढं तुम्ही बघा.