अर्धीच राहिलेली सिद्धता

मित्रांनो, उभं राहून राहून मी आता थकलो आहे. मी चर्चचा जुना, फिरता फळा. सुताराने मला दोन्ही बाजूंनी काळा रंग दिला आणि चौकटीत असा बसवला, की जरा हात लागताच मी उलटा व्हावा. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. एका बाजूवर पाळकसाहेब रविवारचे वचन लिहीत. दुसऱ्या बाजूवर त्यांची थोरली बहीण आठवडाभर मुलांना गणित शिकवी. तिला सगळे बाई म्हणत. त्यांची भूमिती ढ मुलांनाही गोड लागे आणि त्या कौतुकात थोडा वाटा माझाही आहे, असे मी उगीच धरून चालत असे.

मग बाईंचे यजमान आजारी पडले. सगळ्या मंडळीने प्रार्थना केली, तरी ते गेले. बाई शिकवायला येत राहिल्या, पण उपासनेला बसेनात. एका शनिवारी मुले गेल्यावर त्यांनी माझ्यावर लिहिले, 'समजा, देव नाही.' गणितात एखादी गोष्ट सिद्ध करताना कधी कधी आधी तिच्या उलट मानतात आणि ते कुठे अडते का, हे पाहतात. बाई तेच करत होत्या. त्यांना देव हवा होता हो! पण पुढची ओळ सुचेना. खडू ठेवून त्या घरी गेल्या.

रविवारी झाडणाऱ्या काकांनी घाईघाईत मला नेमकी तीच बाजू पुढे करून उपासनेत उभे केले.

"हे काय?" एक आजोबा ताडकन उठले. "हिच्या हाती आपली मुलं द्यायची? बंद करा ती शिकवणी!"

कोणीतरी बाईंना बोलावून आणले. त्या दारातच थांबल्या. शिकवणीही गेली असती, तर त्यांच्यापाशी उरले काय असते? मला फार वाईट वाटले.

पाळकसाहेबांनी फळ्यावरची ओळ वाचली. मग म्हणाले, "ताई, पुढची ओळ?"

"येत नाही रे."

"मलाही येत नाही. दाजी गेल्यापासून मीही इथंच अडलोय."

आजोबा खाली बसले. काका ओले फडके घेऊन पुढे धावले, तेव्हा पाळकसाहेबांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या. तिचं अजून चाललंय."

बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. पुढची ओळ त्यांनी कधीच लिहिली नाही. रविवारी येऊ मात्र लागल्या.

आता मी अडगळीत आहे. माझ्यावर खडूही उमटत नाही. मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी चालेल. पण कोणी अर्ध्यावर अडलेले दिसले, तर त्याचे लिहिलेले पुसायची घाई करू नका. शेजारी जरा बसा.