दामण

"ही दोरी नाय चालायची, साहेब," इब्राहिम म्हणाला आणि नव्या दोरीचं टोक त्याने कप्पीतून ओढून दाखवलं. दोरी सरकली, पण कुरकुरत, दोन्ही कडा घासत.

यशवंतराव बोट क्लबचे सेक्रेटरी, पिंपरीच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. दोरी त्यांनीच कारखान्याच्या स्टोअरमधून आणली होती. "अहो, यानं आम्ही यंत्रं उचलतो. तुटायची नाही."

"तुटायचं भ्या नाय, साहेब. ती सुटायला पायजे."

हर्णैच्या मचव्यांवर वीस वर्षं काढून इब्राहिम दापोडीला आला होता. मुळेकाठच्या या क्लबात शिडाच्या पाच होड्या होत्या, त्यांची देखभाल त्याच्याकडे. शीड आवळायची आणि सैल सोडायची ही मुख्य दोरी. साहेबलोक तिला मेनशीट म्हणत, तो दामण म्हणे. वाऱ्याचा झपाटा आला की दामण सोडायची. शीड मोकळं होतं, होडी सावरते. जुनीचे पीळ उकलले होते, म्हणून त्याने कप्पीच्या खाचेत बोट घालून माप घेतलं होतं आणि भाऊच्या धक्क्यावरून बारीक, गुळगुळीत दोरी मागवली होती. ती यायला आठ दिवस होते.

"परवा शर्यत आहे. पाहुणे येताहेत. हीच ओवा."

"भिजली की फुगंल. कप्पीत रुतंल."

"इब्राहिम, ओवा म्हटलं ना?"

मागच्याच महिन्यात उलट बोलला म्हणून माळी घरी गेला होता. इब्राहिमने खाली मान घालून दोरी ओवली.

रविवारी सकाळपासून हवा कोंडली होती. सांगवीच्या बाजूला आभाळ काळवंडत होतं. नवी दोरी ओवलेल्या होडीवर भीमराज जाणार होता. कारखान्यात फिटर, दापोडीच्याच वस्तीतला, दोन वर्षं इब्राहिमकडून शीड शिकलेला. क्लबतर्फे शर्यतीत उतरणारा वस्तीतला तो पहिलाच.

"आज नको जाऊ," इब्राहिम म्हणाला.

"का चाचा? कस्तुरा बघायला आलीय. आता माघार घेऊ व्हय?" काठावर उभ्या बायकोकडे बघत भीमराज म्हणाला.

ती दोरी, ती कप्पी, सगळं इब्राहिमच्या जिभेवर आलं होतं. यशवंतराव दोन पावलांवर उभे होते. तो एवढंच म्हणाला, "दामण कुठं बांधू नको. हातातच ठेव."

"ठेवतो की."

वळणावर वारा आला. बाकीच्या होड्यांची शिडं फडफडत मोकळी झाली. भीमराजचं शीड ताठच राहिलं. त्याने दोन्ही हात वर करून दोरी सोडलेली इब्राहिमला काठावरून दिसली. होडी आडवी झाली, शीड पाण्यावर पालथं पडलं आणि भीमराज त्याच्या खाली गेला.

इब्राहिम कपड्यांनिशी पोहत गेला. फुगलेली दोरी कप्पीत घट्ट बसली होती, तिचा सैल वेढा भीमराजच्या पायांत गुंतला होता. चाकूने ती कापायला फार वेळ लागला. ती खरंच मजबूत होती.

संध्याकाळी पंचनाम्याआधी यशवंतरावांनी त्याला बाजूला घेतलं. "त्यानं दोरी बांधून ठेवली असणार. नवखा होता. तसंच सांगा."

"त्यानं सोडली होती," इब्राहिम म्हणाला. पोलिसांनाही त्याने तेच सांगितलं: दोरी कुणी आणली, कुणी ओवली आणि ती चालणार नाही हे कुणाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी क्लबच्या फाटकातून त्याला आत घेतलं नाही.

तिथूनच तो वस्तीत गेला. कस्तुरा दारात बसली होती. बायका कुजबुजत होत्या, नवख्यानं कशाला पाण्यात जायचं.

"त्याची चूक नव्हती, पोरी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "शिकवलं तसंच त्यानं केलं. दामण मी ओवली होती. मला ठाऊक होतं."

कस्तुराने मान वर केली. "ठाऊक होतं, तर मला का न्हाई सांगितलं? मी त्यास्नी धरून बसले असते."



ती उठली. सोमवारच्या शिफ्टसाठी धुतलेला भीमराजचा निळा शर्ट अजून बाहेर वाळत होता. तिने तो काढला, कॉलर सरळ केली, बटणं एकेक करून लावली आणि घडी घालून आत गेली. दार तिने लावलं नाही. इब्राहिम उन्हात तसाच उभा राहिला.