मस्कतहून अडीच तास

एकोणऐंशीच्या मे महिन्यात नागपूरच्या इंदोऱ्यातला धोंडबा मेश्राम सकाळी नळाच्या रांगेत कोसळला, आणि घरी आणेपर्यंत संपला. मुलगा रुपराव मस्कतला एका ठेकेदाराकडे वेल्डर होता. धाकट्या बहिणीने, उत्तराने, त्याला तार केली. संध्याकाळी शेजारच्या डॉक्टरांकडे ट्रंककॉल आला.

"माय, मी निघूनच राहिलो," रुपराव रडत ओरडत होता. "मस्कतहून मुंबई अडीच तास लागते वं. उद्या सकाळच्या विमानानं नागपूर. बाबाले ठेवजो. मले पाहू दे."

कांताबाईने नवऱ्याला ठेवले. अंगाखाली आणि दोन्ही बाजूंना बर्फाच्या लाद्या, वरून भुसा. वितळलेले पाणी ओट्यावरून गल्लीत वाहत होते. उत्तरा लाद्या बदलत होती. धोंडबाची बहीण पंचफुला आलापल्लीकडून एसट्या बदलत, उभ्याने प्रवास करत पहाटे पोचली आणि भावाच्या पायांवर पडली.

उत्तरा सोनेगावला विमानतळावर गेली. विमान वेळेवर उतरले. सुटाबुटातली माणसे, एक नवी नवरी, दोन फौजी बाहेर आले. मग सामानाची गाडी रिकामी परत गेली. रुपराव नव्हताच.

ती घरी परतली तेव्हा डॉक्टरांकडे पुन्हा फोन आला होता. कांताबाईच्या कानाशी रिसीव्हर होता.

"माय, पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आहे. चावी साहेबाजवळ अन् साहेब दुबईले गेला. म्यानेजरचे पाय धरले मी. उद्या देतो म्हणते."

"बाबाले वास सुटला, रुपराव."

"एक दिवस, माय. फक्त एक..."

तो बोलत असतानाच कांताबाईने फोन ठेवला.

घरी येऊन ती म्हणाली, "उचला."

धोंडबाचा भाऊ नत्थू पुढे झाला. "अग्नी माझा पोरगा देईल, वहिनी."

"उत्तरा देईल."

"पोरगी?"

"बर्फात हात कोणाचे सोलले गा, भाऊजी? तिचेच ना?"

नत्थू मागे सरला. उत्तराने अग्नी दिला. पंचफुलाने तिचे मनगट धरले होते.

रुपराव तिसऱ्या दिवशी आला. तोवर अस्थी कन्हान नदीच्या पाण्यात गेल्या होत्या. तो दारातच उभा राहिला. घरात भुशाचा ओला वास अजून होता. कोणी त्याला दोष दिला नाही, आणि तेच त्याला सोसवेना. सगळे निजायला पांगल्यावर तो आईला म्हणाला,

"मी बोलून राहिलो होतो, माय. फोन काहून ठेवला?"

कांताबाईने त्याच्याकडे पाहिले नाही.

"तू बोलत राहिला असता, तर मी थांबली असती," ती म्हणाली. "अन् बाबाले थांबवता येत नव्हतं, बाळा."

पुढच्या आठवड्यात रुपराव परत गेला. मस्कतला उतरताच कंपनीच्या माणसाने त्याचा पासपोर्ट मागून घेतला.